निळ्या विजारीची बखर

२०२४ सालचा पोळा चार दिवसांवर आला असताना पोस्टमनने माझ्या दारात एक पार्सल आणून टाकले. वर परदेशी तिकिटे, खाली माझे नाव आणि अमरावतीचा पत्ता. मला परदेशातून आजवर साधे पत्रही आलेले नव्हते. तेव्हा सौभाग्यवतींना वाटले, माझ्या एखाद्या कादंबरीची कीर्ती चुकूनमाकून समुद्रापार गेली असावी. कात्रीने दोरा कापला, तर आतून निघाली एक जुनी, गुडघ्यावर विटलेली निळी विजार आणि तिच्या घडीत ठेवलेली पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही.

खुलासा चिठ्ठीत होता. माझा एक जुना विद्यार्थी कॅनडात नोकरीला आहे. मूळचा दर्यापूर तालुक्यातला, कास्तकाराचा मुलगा. त्याला तिकडे एक छंद लागला आहे. जीन्सच्या कापडाचे वेड असलेली देशोदेशीची काही मंडळी एकच विजार आळीपाळीने वापरतात. प्रत्येकाने दोन-तीन महिने ती अंगावर वागवायची, सोबतच्या वहीत आपल्या गावची हकीकत दोन पाने लिहायची आणि टपालाने पुढच्याला धाडून द्यायची. विजार धुवायची नाही, हा पहिला नियम. पठ्ठ्याने लिहिले होते, "सर, माझी पाळी मी बाबांना देतो. गावी दिवसा सगळे शेतात असतात, पार्सल घ्यायला घरी कोणी नसते, म्हणून तुमचा पत्ता दिला. आणि वहीत आपल्याकडची दोन पाने तुम्ही लिहा."

पोळ्याच्या बाजाराला त्याचे आईवडील अमरावतीला आले, तेव्हा मी ती चीज त्यांच्या हवाली केली. माउलीने विजार उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "सर, हे त जुनंच दिसते. नवी घ्याले पैसे नव्हते काय पोट्ट्याजवळ?" वडिलांची शंका अधिक व्यवहारी होती. "धुवाची नाही म्हणते? मंग वास नाही येईन काय हिचा?"

वासाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. न धुण्याचे कारण मात्र मी शोधून काढले, आणि ते मोठे मौजेचे आहे. या कापडात उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही, वरवर बसतो. त्यामुळे जिथे घासेल तिथे निळा थर झडतो आणि आतला पांढरा कापूस डोकावू लागतो. पाकीट ठेवणाऱ्याच्या खिशावर पाकिटाचा चौकोन उमटतो, गुडघे टेकून काम करणाऱ्याचे गुडघे उजळतात, सायकलवाल्याची बैठक पांढरी पडते. लवकर धुतले की रंग सगळीकडून सारखा उतरतो आणि या खुणा बुजून जातात. म्हणजे ही विजार नव्हे, रोजनिशीच म्हणायची. सोबतची वही तिचे नुसते भाषांतर.

मी ती वही दोन रात्री जागून वाचली. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही, पण मजकूर साधा होता. स्कॉटलंडमधल्या एकाने पावसाविषयी लिहिले होते, आणि शेजारची म्हातारी रोज सकाळी याला दूध किती वाजता आणलेस म्हणून कशी विचारते त्याविषयी. जपानातल्या एकाने फारसे लिहिलेच नव्हते, आपल्या सायकलीचे सुरेख चित्र काढले होते. आमच्या विद्यार्थ्याच्या मित्राने बर्फ उपसायच्या फावड्यांचे प्रकार सांगितले होते. वाचताना माणसे आवडू लागली. पण वही मिटल्यावर एक गोष्ट मनात टोचत राहिली. इतक्या जणांनी ते कापड हुंगले, चाचपले, त्याच्या विणीचे गोडवे गायले. ज्या झाडाला ते लागले होते, त्याचा उल्लेख एकाही पानावर नव्हता. दोष कोणाला द्यावा? आंबा खाताना आपण तरी झाडाची कुठे चौकशी करतो! परंतु दोन पाने लिहायची होती वऱ्हाडातून, आणि वऱ्हाडाने कापसाविषयी गप्प बसावे हे काही बरे दिसले नसते. म्हणून मी जुनी दप्तरे उघडून बसलो.

पहिल्याच पायरीला शब्दाने अडवले. आमच्याकडे 'जीन' म्हटले की डोळ्यांपुढे पत्र्याच्या उंच शेडचा, भुरभुर उडणाऱ्या पेळूंचा, सरकीच्या ढिगांचा कारखाना येतो. "तो जीनमध्ये कामाला आहे," हे वाक्य अमरावती-अकोल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. हा जीन इंग्रजीतल्या 'एंजिन'चे शेपूट आहे. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र रचले, तेव्हापासून ते नाव रूढ झाले. आमच्या आजोबांच्या पिढीत 'जीनचा कोट' शिवत, तो जीन म्हणजे जाड, तिरप्या विणीचे कापड. त्या कापडाच्या नावाचे मूळ इटलीतल्या जिनोआ बंदरात सांगतात. 'डेनिम' म्हणजे फ्रान्समधल्या नीम गावचे, असेही म्हणतात. आणि घोड्यावर घालतात तो जीन फारसीतून आलेला. तीन जीन, तीन मुलुख, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही! तरी पहिल्या जीनमधून निघाल्याशिवाय दुसरा जीन अंगावर चढत नाही, एवढे नाते मात्र कापसाने जोडून दिले आहे.

आणखी एक नाव आहे, ते तर आपल्या अगदी घरचे. अशा जाड निळ्या कापडाच्या कामकरी विजारींना इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात. हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला. तिथे मिळणारे स्वस्त, भरड सुती कापड गलबतांवरचे खलाशी घेत, शिडाला लावीत, अंगालाही लावीत; सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या कागदांत हा शब्द सापडतो. मराठी वाचकाला डोंगरी आठवते ती तुरुंगामुळे. १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथे १०१ दिवस होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्याच डोंगरीचे नाव दुनियाभरच्या मजुरांच्या ढुंगणाला चिकटले आहे, हे आगरकरांना कळते तर त्यांनी त्यावर एक खुसखुशीत टिपण नक्की लिहिले असते.

आता वऱ्हाडाकडे वळतो. आगगाडीच्या आधी आमचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. तोही मुंबईला नव्हे, उत्तरेला. अमरावतीहून नागपूर, जबलपूर करीत बंजाऱ्यांचे तांडे सुमारे पाचशे मैलांवर गंगाकाठी मिर्झापूरला पोचत आणि तिथून नावांनी माल कलकत्त्याला उतरे. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा माल या वाटेने रवाना केला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. एक लाख बैल! वाटेत पाऊस गाठे, धूळ बसे, गोण्या फाटत. मुक्कामाला पोचलेल्या कापसात कापूस किती आणि माती किती, याचा वाद ठरलेला. मुंबईची वाट पेस्तनजी नावाच्या पारशी पेढीने १८२५-२६ च्या सुमारास चोखाळली. पाचशे बैल, सव्वा लाख पौंडांच्या आतबाहेर कापूस. पुढे लिव्हरपुलाच्या बाजारात आमच्या मालाला नावच पडले 'उमरा'. उमरावती म्हणजे अमरावती, तिचे हे लाडके रूप. लिव्हरपुलाचा दलाल आपल्या टेबलावर कागदाच्या पुडीतला नमुना बोटांनी ओढून पाहत 'उमरा' म्हणे, तेव्हा तो आमच्या गावाचे नाव घेत असे. कास्तकाराचे नाव अर्थातच पुडीवर नसे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, ते कर्जापोटी. आणि आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या. इतके दिवस मळका, आखूड म्हणून नाक मुरडून घेतला जाणारा 'उमरा' एकाएकी पाहुण्यासारखा मानाचा झाला. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत वऱ्हाडातला कापसाचा पेरा जवळजवळ दुप्पट झाला. मुंबईत शेअरचे वेड लागले, समुद्र भरून काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. प्रेमचंद रायचंदांसारखा सावकारांचा सावकारही त्यात बुडाला. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत ही गोष्ट इथेच संपते. वऱ्हाडात ती इथे सुरू होते.

कारण पेरा मागे गेला नाही. वाढतच राहिला. सरकारने कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला होता, हॅरी रिव्हेट-कार्नाक. मोठा उद्योगी माणूस. रेल्वेचा मुख्य रस्ता १८६७ साली नागपूरला पोचला. तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या खामगावची बाजारपेठ मोठी, म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. आदल्याच साली सुएझचा कालवा खुला झाला होता आणि त्याच साली समुद्राखालून मुंबई-लंडन तार जोडली गेली. लिव्हरपुलाचा भाव खामगावच्या बाजारात कळू लागला. व्होल्कार्ट, राली या परदेशी पेढ्यांची माणसे येऊन बसली. वाफेचे जीन आणि प्रेस उभे राहिले.

हा रिव्हेट-कार्नाक आपल्या अहवालात एक आशा व्यक्त करतो. ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा: या मुलखात रेल्वे आली की विलायती कापड इथल्या हातमागाच्या कापडाहून स्वस्त विकता येईल. मग इथे सूत होऊन राहणारा कापूसही परदेशी जाईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला मोकळी होतील. 'मोकळी' होतील! बाळापूरच्या पागोट्यांचे, अकोटच्या सतरंज्यांचे विणकर, घरोघर सूत काढणाऱ्या बाया, यांना मोकळे करण्याचा हा बेत. त्यात द्वेष नाही, आरडाओरडा नाही, एखाद्या नीटनेटक्या कारकुनाने हिशेब मांडावा तसा तो मांडला आहे.

आणि आता टपालाने फिरणाऱ्या कापडाची गोष्ट, जिच्यासाठी हे सारे सांगितले. जीन्सवाल्या मंडळींना वाटत असेल की कापड आणि सोबत गावची हकीकत असे गाठोडे जगभर फिरवण्याची कल्पना त्यांना प्रथम सुचली. तसे नाही. १८६६ साली लंडनमध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन नावाच्या गृहस्थाने हिंदुस्थानी कापडांचे सातशे तुकडे कापून अठरा खंडांत चिकटवले. पागोटी, धोतरे, लुगडी, काठ, पदर. प्रत्येकाची लांबी-रुंदी, वजन, कुठले, किमतीला काय. सोबत एक ग्रंथ, त्यात हिंदी माणूस धोतर कसे नेसतो, पागोटे कसे बांधतो, बायका पदर कसा घेतात याचे वर्णन. असे वीस संच केले. तेरा इंग्लंडातल्या गावांना वाटले, सात हिंदुस्थानात पाठवले. प्रेस्टन या गिरण्यांच्या गावाला गेलेला संच तिथल्या हॅरिस संग्रहालयात आहे. तुकडे चिकटवण्याचा हेतू लपवलेला नव्हता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याने पाहावे, हिंदी माणसाला काय आवडते ते समजून घ्यावे, आणि तसेच विणून त्यालाच विकावे.

काम फार निगुतीने केलेले आहे, हे कबूल केले पाहिजे. आज आपले जुने काठ-पदर कसे होते हे जाणायला आपण त्याच तुकड्यांकडे धावतो. पण एका हाताने नमुन्याचे खंड फिरत होते आणि दुसऱ्या हाताने रेल्वे टाकली जात होती. या दोन हातांच्या मधे आमचा विणकर होता.

पुढचे थोडक्यात सांगतो. खालचा दर्जाही घसरला. 'बनी' नावाचा जुना मऊ, लांब कापूस मागे पडला आणि लवकर येणारी, जास्त उतरणारी भरड 'जरी' शेतोशेती पसरली. दर्जासाठी रडणारे लिव्हरपूल आणि पैशासाठी घाईत असलेला कास्तकार, यांत जरीच जिंकली. ज्वारीच्या रानात कपाशी शिरली. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात या श्रीमंत म्हणवणाऱ्या वऱ्हाडाने उपास काढले. त्या दोन दुष्काळांच्या मधे, १८९७ च्या डिसेंबरात, अमरावतीला काँग्रेस भरली होती. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी आमची लाडकी शकुंतला रेल्वे कापसासाठीच टाकलेली. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले होते आणि ते १९९४ पर्यंत धावले. कापूस मँचेस्टरला नेण्याच्या वाटेवर मँचेस्टरनेच बैल पुरवला होता, असे म्हणायला हरकत नाही. आता तीही गाडी बंद पडली. अकोल्याच्या सावतराम मिलचा भोंगाही गेला. यवतमाळजवळ लोहाऱ्याला मात्र १९९० नंतरच्या दशकात डेनिमची गिरणी निघाली, तेव्हा कापसाच्या मुलखात जीन्सचे कापड विणले जाऊ लागले. या विजारीच्या निमित्ताने हेही सांगितले पाहिजे की ती गावात असतानाच, २० सप्टेंबर २०२४ रोजी, अमरावतीजवळ नांदगाव पेठला व्हायच्या हजार एकरांच्या वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला पंतप्रधानांनी वर्ध्याच्या सभेतून बसवली.

माझी स्वतःची जीन्सशी पहिली भेट १९९५-९६ ची. अहमदाबादच्या अरविंद मिलने तेव्हा 'रफ अँड टफ' नावाची न शिवलेली जीन्स काढली होती. दोनशे रुपयांच्या आत पाकीट. आत निळे कापड, झिप, रिव्हेट आणि मागे लावायचे लेबल. आपल्या शिंप्याकडे द्यायचे आणि शिवून घ्यायचे. वडिलांनी दिवाळीला ते घेतले आणि जवाहर गेटच्या आतल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे टाकले. त्याने दोन सुया मोडल्या, तिसऱ्या सुईला शिलाई वाढवून मागितली आणि वर ऐकवले, "मास्तर, हे शिवाले शिंपी नाही, मोची पाहिजे!" लेबल उलटे बसले होते. मी ती विजार तीन दिवाळ्या वापरली. त्या तांब्याच्या रिव्हेटचे पेटंट १८७३ सालचे. रेनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने मजुरांचे खिसे उसवू नयेत म्हणून ती युक्ती केली आणि कापडव्यापारी लेवी स्ट्रॉस याच्यासह २० मे १८७३ रोजी पेटंट घेतले. म्हणजे जगातली ही एवढी मोठी फॅशन एका शिंप्याच्या कटकटीतून जन्मली. आमच्या शिंप्याने ती कटकट फक्त पुढे चालू ठेवली.

दिवाळीनंतर मी दर्यापूरकडे त्यांच्या गावी गेलो. वेचणी सुरू झाली होती. पहिल्या वेचणीला घरच्या लक्ष्मीने सीतादही केले होते. पऱ्हाटीपाशी दहीभाताचा नैवेद्य, झाडांना कापसाचा धागा. माझ्या विद्यार्थ्याचे वडील त्या निळ्या विजारीत धुऱ्यावर उभे होते. खाली विजार, वर बनियन, डोक्याला दुपट्टा. बायका ओट्यात कापूस वेचून आणत, ते गाठोडी खांद्यावर टाकून बंडीपाशी नेत. महिन्याभरात खांद्यावरून ओघळणाऱ्या गाठोड्याने विजारीच्या उजव्या मांडीवर एक आडवा पांढुरका पट्टा पाडला होता. स्कॉटलंडच्या किंवा जपानच्या माणसाने असली खूण पाडलेली नव्हती.

तिथेच बंडीच्या सावलीत आम्ही हिशेब केला. अशा विजारीला पाऊण ते एक किलो रुई लागत असेल. किलोभर रुईला तीन किलो कापूस, म्हणून अडीच-तीन किलो धरला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता; तेव्हा विजारीतला कापूस दोनशे रुपयांच्या आसपास, तोही हमीभाव मिळाला तर. वेचणारीला त्या गावात किलोला दहा रुपये पडत होते, म्हणजे पंचवीस-तीस. विजारीची खरी किंमत विद्यार्थ्याने चिठ्ठीत लिहिली होती. ती मी त्याच्या आईला सांगितली नाही. वडिलांना सांगितली. ते बराच वेळ मांडीवरचा पट्टा बोटाने घासत राहिले आणि म्हणाले, "आता हिले जपून घाला लागते."

वहीत मी रिव्हेट-कार्नाक लिहिला, 'उमरा' लिहिला, वॉटसनचे अठरा खंड लिहिले. दोन पानांची पाच झाली. मग वाटले, स्कॉटलंडची म्हातारी आणि जपानची सायकल यांच्या शेजारी हे फार मास्तरी दिसेल. म्हणून शेवटी वेचणाऱ्या बायांनी जे सांगितले ते जोडले: सकाळच्या दवात कापूस वजनाला चढतो पण मालक रागावतो, बोंडाची टोके नखांत रुततात, आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कोणती मालिका पाहतात. हे सर्व माझ्या मोडक्या इंग्रजीत. त्या मंडळींनी चुका पोटात घालाव्यात.

माघात विजार पुढच्या मुक्कामाला निघाली. घडी घालताना माउलीने खिशात हात घातला तर कापसाचा पुंजका निघाला. "राहू द्या," मी म्हटले, "तेवढी आपली निशाणी." पण बी परदेशी पाठवता येत नाही, हे तिला ठाऊक होते, मुलाने एकदा लिंबाच्या बिया मागितल्या तेव्हा त्यानेच सांगितले होते. तिने चिमटीने एकेक सरकी काढली, पाच-सहा निघाल्या, त्या पदरात बांधल्या आणि पांढरा पुंजका पुन्हा खिशात कोंबला. पोस्टात कारकुनाने पार्सल काट्यावर ठेवले आणि फॉर्म पुढे सरकवत विचारले, "आत काय आहे? कपडे? नवे की वापरलेले?"

मी लिहिले, 'वापरलेले'.